दुपारी मरणारा कॉम्प्युटर आणि नववं बिट

गेल्या रविवारी माळा आवरताना एका जुन्या पाकिटात रॅमची एक पट्टी सापडली. १ जीबी, डीडीआर-२. आजच्या हिशेबाने भंगार. पण पाकिटावर निळ्या स्केचपेनने दोनच शब्द लिहिले होते: 'खराब - दुपारी'. अक्षर माझं नाही. ज्याचं आहे त्याची मी एकदा माफी मागितली होती आणि ती कशाबद्दल, हे सांगता सांगता कॉम्प्युटरच्या इतिहासातला एक दुर्लक्षित तुकडाही सांगून होईल, असं वाटलं. म्हणून आजचा वीकेंड-लेख.

गोष्ट मे २००८ मधली आहे. माझे काका नशिराबादला असतात. जळगावहून भुसावळकडे हायवेने निघालं की साधारण दहा किलोमीटरवर नशिराबाद लागतं. (तेव्हा तो सहा नंबरचा हायवे होता. आता नंबर त्रेपन्न झाला, तरी काका अजून 'सहा नंबर'च म्हणतात.) काकांचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. मे म्हणजे कपाशीच्या बियाण्याचा हंगाम. वर्षाची निम्मी उधारी या महिन्या-दीड महिन्यात लिहिली जाते.

दुकानातला कॉम्प्युटर गल्लीतल्याच एका पोराने असेंबल करून दिलेला. बारावीनंतर जळगावला हार्डवेअरचा कोर्स केलेला, वय एकोणीस-वीस. हंगामाआधी मशीन जरा फास्ट करावी म्हणून त्याने ५१२ एमबीच्या जोडीला ही १ जीबीची नवी पट्टी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल करता करता निळा स्क्रीन. रीस्टार्ट केला, दहा मिनिटांत पुन्हा निळा. संध्याकाळी मात्र मशीन शहाण्यासारखी चालू!

काकांनी मला पुण्याला फोन लावला. घरात एकच सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे गीझरपासून मोबाइलपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून निदान केलं: व्हायरस. फॉरमॅट मारा, एक्सपी फ्रेश टाका. पोरगा पलीकडून म्हणाला, "दादा, आधी नवी रॅम काढून पाहतो ना. तिच्यानंतरच सुरू झालंय हे."

मी काय म्हणालो ते मला अजून आठवतं. "अरे, रॅमचं काही नसतं रे. तू फॉरमॅट मार."

आता वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण हसले असतील. हसा. एक गोष्ट बदलली आणि बिघाड सुरू झाला, तर आधी ती गोष्ट मागे घ्यायची, हे मी ऑफिसात ज्युनियर लोकांना शिकवत होतो. इथे मात्र मी दुसरी गोष्ट बदलायला लावली. आता हार्डवेअरही नवं, सिस्टीमही नवी. बिघडलं तर बोट कुणाकडे दाखवायचं?

त्याने बिचाऱ्याने ऐकलं. मशीन घरी नेली, हिशेबाचा फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी केला, रात्री लाइट आल्यावर सी फॉरमॅट करून एक्सपी टाकली. सकाळी सगळं ओके. दुपारी निळा स्क्रीन. मग दुकानातच भर दुपारी पुन्हा इन्स्टॉल करायला घेतली, तर मध्येच 'ही फाइल कॉपी होत नाही' असा मेसेज. परत केलं तर दुसऱ्याच फाइलवर अडली. तिसऱ्यांदा तिसऱ्याच. मी फोनवरून सीडीला शिव्या घातल्या. खरं तर सीडीवर ओरखडा असता तर ती दर वेळी त्याच फाइलवर अडली असती. पण ते मला सुचलं नाही.

इथपर्यंत ही कुठल्याही घरात घडणारी गोष्ट आहे. पण तिसऱ्या दिवशी काका कॉम्प्युटरची उधारीची यादी लाल कापडी बांधणीच्या खतावणीशी ताडून बघत होते (ती सवय त्यांनी कॉम्प्युटर आला तरी सोडली नव्हती) आणि एका खात्यावर थांबले. खतावणीत बाकी ७,३५० रुपये. कॉम्प्युटरमध्ये ५,३०२. दोन हजार अठ्ठेचाळीस रुपये गायब.

ते खातं होतं त्या पोराच्या चुलत्याचं.

आणि मशीन एक रात्र त्याच्या घरी होती.

काका तोंडाने काही बोलले नाहीत. फक्त त्याला म्हणाले, "राहू दे आता, पुण्याहून हा येतोय, तो बघेल." नशिराबादसारख्या गावात एवढं वाक्य पुरतं. शुक्रवारी रात्री मी महाराष्ट्र एक्सप्रेस धरली.

*

आता जरा इतिहासात जाऊ. काकांना त्या पोरावर संशय आला, मला विंडोजवर आणि सीडीवर. मशीनवर संशय कुणालाच आला नाही. हे काही आमच्या घरचं वैशिष्ट्य नव्हे. कॉम्प्युटर हिशेब चुकत नाही, चुकतो तो माणूस, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की ते आपल्या हाडीमाशी खिळलंय. पण कॉम्प्युटर बांधणाऱ्या पहिल्या पिढीला असा भाबडा विश्वास परवडणारा नव्हता.

१९४६ साली जगासमोर आलेल्या एनिअॅकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या बहुतेक वेळा जळत त्या मशीन चालू किंवा बंद करताना, तापताना आणि निवताना. म्हणून ती मशीन शक्यतो बंदच करायची नाही, असा शिरस्ता पडला. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्डच्या मार्क-२ मशीनच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी कॉलेजात ऐकलेली असते. 'बग' हा शब्द त्याआधीही एडिसनच्या काळापासून वापरात होता, पण गंमत बघा, आपण सॉफ्टवेअरवाले ज्या किड्याच्या नावाने पोट भरतो, तो नोंदवहीतला किडा हार्डवेअरमध्ये सापडला होता.

त्या काळातली सगळ्यात हुशार युक्ती मला वाटते ती एमआयटीच्या व्हर्लविंड मशीनवरची, १९५० च्या आसपासची. ट्यूब एकदम मरत नाही, हळूहळू अशक्त होत जाते. अशक्त ट्यूब रोजच्या व्होल्टेजला काम करते आणि नेमकी महत्त्वाच्या वेळी दगा देते. मग जे फॉरेस्टर आणि त्यांच्या मंडळींनी काय केलं? ठरावीक वेळी मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करून चाचणी प्रोग्रॅम चालवायचा. ज्या ट्यूब उद्या-परवा मरणार त्या आजच उघड्या पडतात, त्या बदलून टाकायच्या. याला ते 'मार्जिनल चेकिंग' म्हणत. सोप्या मराठीत, बैल विकत घेण्याआधी त्याला रिकाम्या गाडीला नाही, भरल्या गाडीला जुंपून बघायचं.

आपल्याकडेही हे सगळं झालंय. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी १९५० च्या दशकात आधी एक छोटी प्रायोगिक मशीन बांधली आणि मग मोठी. ती मोठी १९६० साली कामाला लागली. १९६२ साली तिचं नाव पडलं टिफरॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. म्हणजे ८१,९२० बिटं, आजच्या भाषेत १० केबी. एका व्हॉट्सअॅप स्टिकरलासुद्धा पुरणार नाही! पण ती मेमरी होती फेराइटच्या बारीक मण्यांची. तारांच्या जाळीत ओवलेले मणी, एका दिशेने चुंबकित म्हणजे शून्य, उलट दिशेने म्हणजे एक. (ही कोअर मेमरीसुद्धा व्हर्लविंडवरच १९५३ मध्ये पहिल्यांदा नीट कामाला लागली होती.) लाइट गेली तरी मणी विसरत नसे. हा मुद्दा लक्षात ठेवा.

ज्यांनी अशी मशीन हाताने बांधली त्यांना उत्तर चुकलं की तीन शक्यता दिसत: प्रोग्रॅम चुकला, डेटा चुकला किंवा मशीन चुकली. आपल्या पिढीला मशीन तयार डब्यातून मिळाली आणि तिसरी शक्यता आपण विसरून गेलो.

*

शनिवारी सकाळी नशिराबादला पोहोचलो. काकूंनी चहा दिला, काकांनी खतावणी दिली. मी पुण्याहून मेमटेस्टची सीडी जाळून आणली होती. हा छोटा प्रोग्रॅम ख्रिस ब्रॅडी नावाच्या माणसाने १९९० च्या दशकात लिहिला. ऑपरेटिंग सिस्टीम नाही, काही नाही. सीडीवरून मशीन सुरू होते आणि रॅमच्या प्रत्येक घरात निरनिराळ्या नक्षीने शून्य-एक लिहून परत वाचून बघते. लिहिलं तेच वाचलं गेलं तर ठीक, नाहीतर लाल ओळ.

साडेआठ ते अकरा, दोन पूर्ण फेऱ्या. एकही लाल ओळ नाही. मी काकांना म्हणालो, "रॅम ओके आहे." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला आणि पोटात कसंतरी झालं. मशीन ओके म्हणजे मग माणूस...

तो पोरगा दुकानाच्या पायरीवर बसून होता. आत बोलावलं नव्हतं कुणी. तो तिथूनच म्हणाला, "दादा, आत्ता काय लावू राह्यले? दुपारी लावा. ही दुपारीच मरते."

व्हर्लविंडच्या इंजिनिअरांनी जे व्होल्टेज बदलून केलं, ते हा पोरगा खान्देशच्या मे महिन्याकडून करून घ्यायला सांगत होता. भरल्या गाडीला जुंपा.

बाराला लाइट गेली, ती दीडला आली. त्या काळात ग्रामीण भागात भारनियमनाचं वेळापत्रकच असे आणि लोक लग्नाचे मुहूर्तसुद्धा ते बघून काढत म्हटलं तरी चालेल. बाहेर ऊन असं की हायवेचा डांबर पायाला चिकटेल. कॉम्प्युटर धुळीपासून वाचावा म्हणून काकांनी लाकडी खणात बसवलेला, वर पडदा. दीड वाजता मेमटेस्ट लावली. चौदाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ. मग आणखी. आणि सगळ्या ओळींत पत्ता एकच, बत्तीस बिटांमधलं बिट एकच - उजवीकडून बारावं. दर वेळी तिथे एक लिहिलेला असायचा आणि वाचताना शून्य यायचं.

मग आम्ही दोघांनी (हो, आता त्याला आत बोलावलं) सरळ पद्धतीने घेतलं. जुनी पट्टी एकटी ठेवली: अर्धा-पाऊण तास, स्वच्छ. नवी एकटी ठेवली: लाल. नवी दुसऱ्या खाचेत घातली: तरीही लाल, बिट तेच. म्हणजे दोष खाचेचा नाही, मदरबोर्डचा नाही, दोन पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत असंही नाही. दोष पट्टीबरोबर फिरतो. उलटतपासणी म्हणून खणाचा पडदा काढला, कॅबिनेटची बाजू उघडली, टेबलफॅन तोंडासमोर ठेवला. लाल ओळी थांबल्या. पंखा बंद, वीस मिनिटांत पुन्हा सुरू.

त्याने पाकीट घेतलं आणि स्केचपेनने लिहिलं: 'खराब - दुपारी'.

*

उन्हाने रॅम का विसरते? याचं उत्तर टिफरॅकच्या मण्यांपासून आपण किती लांब आलो, त्यात आहे. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा, म्हणजे कपॅसिटर, एवढं पुरे. १९६८ मध्ये पेटंट मिळालं, १९७० मध्ये इंटेलची १,०२४ बिटांची चिप बाजारात आली आणि मणी ओवणाऱ्यांचं युग संपत गेलं. स्वस्त, लहान, वेगवान. फक्त एक अडचण: हा साठा गळका असतो. भोक पडलेल्या घागरीसारखा. म्हणून सेकंदाला कितीतरी वेळा प्रत्येक घागर बघायची आणि भरलेली असली तर परत काठोकाठ भरायची. यालाच रीफ्रेश म्हणतात. नेहमीचा नियम असा की ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक बिटाची पाळी आलीच पाहिजे.

तापमान वाढलं की गळती वाढते, तीही झपाट्याने. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर रीफ्रेश दुप्पट वेगाने करा, असं डीडीआर-२ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. कोट्यवधी घागरींमध्ये एखादी मुळातच जास्त गळकी निघते. कारखान्यात ती जेमतेम पास होते. सकाळच्या गारव्यात तिचं पाणी पुढच्या पाळीपर्यंत टिकतं. नशिराबादला, पडद्याआड, दुपारी दोनला टिकत नाही. एक होतं तिथे शून्य होतं.

बरं, बिट उलटायला दर वेळी उन्हाळाच लागतो असं नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वूड्स यांनी दाखवलं की चिपच्या सिरॅमिक वेष्टनातल्या किंचितशा किरणोत्सारी अशुद्धीमुळे बिटं उलटत होती. वेष्टन बनवणारा कारखाना अशा नदीवर होता, जिच्या वरच्या अंगाला जुन्या युरेनियम खाणीचा गाळ होता! पुढच्याच वर्षी आयबीएमचे जेम्स झिग्लर आणि येल विद्यापीठाचे विल्यम लॅनफर्ड यांनी मांडलं की आकाशातून येणारे विश्वकिरणसुद्धा हे करू शकतात.

इथे मला नेहमी होमी भाभा आठवतात. विश्वकिरणांचा एक कण वातावरणात आदळून कणांचा पाऊस कसा पाडतो, हे भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्येच मांडलं होतं. त्याच भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत एका बाजूला विश्वकिरणांचा अभ्यास चालला होता आणि दुसऱ्या बाजूला टिफरॅक उभी राहत होती. पुढे एक दिवस या दोन विषयांची गाठ मेमरीच्या एका बिटावर पडेल, असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल?

मे २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत स्कारबेक इथे एका उमेदवाराला अचानक ४,०९६ मतं जास्त मिळाली. शक्य होती त्याहून जास्त, म्हणून लक्षात आलं. प्रोग्रॅम तपासला, चूक सापडली नाही. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. एक बिट शून्याचं एक झालं होतं. ते विश्वकिरणाने केलं असा अंदाज आजही सांगितला जातो, सिद्ध मात्र झालेलं नाही.

आता परत काकांच्या आकड्याकडे या. ७,३५० वजा ५,३०२. किती?

२,०४८. दोनाचा अकरावा घात. आकडा बिटांमध्ये लिहिला तर उजवीकडून बरोबर बारावं बिट!

*

शनिवारी रात्री मी आणि तो पोरगा हिशेबाच्या फाइली घेऊन बसलो. मार्चअखेरीला काकांनी त्यांच्या सीएला डेटाची सीडी दिली होती, तिची एक प्रत घरात होती. ती आणि आताची फाइल बाइट-बाय-बाइट ताडून बघणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एप्रिल-मेच्या खऱ्या नोंदी वगळल्या तर दोनच ठिकाणी फरक निघाला. एक, तो ७,३५० चा ५,३०२. दुसरा, रोमन अक्षरांत लिहिलेल्या एका 'पाटील'चा 'पाटाल' झाला होता. 'आय' अक्षराचा संकेत ७३, 'ए' चा ६५. फरक आठ, म्हणजे पुन्हा एकच बिट. आणि चार-चार बाइटांचे गट पाडून मोजलं तर तेही त्याच बाराव्या जागेवर. दोन्हीकडे एकाचं शून्य झालेलं.

कुणाला चुलत्याचं कर्ज कमी करायचं असतं, तर त्याने दोन हजार केले असते, पाच हजार केले असते. दोन हजार अठ्ठेचाळीस कोण करतं? आणि जाता जाता दुसऱ्याच गिऱ्हाइकाचा पाटाल कशाला करेल?

झालं होतं ते असं. फॉरमॅटच्या आधी फोल्डर डी ड्राइव्हवर कॉपी केला, तेव्हा प्रत्येक बाइट डिस्कवरून रॅममध्ये आणि रॅममधून डिस्कवर गेला. दोनदा तो त्या गळक्या घागरीतून गेला. कॉपी 'यशस्वी' झाली. मग मूळ प्रत फॉरमॅटमध्ये गेली. फॉरमॅट कुणी मारायला लावलं होतं? मी. निळा स्क्रीन हा खरं तर उपकारकर्ता असतो, तो निदान ओरडतो तरी. खरा धोका चुपचाप बदललेल्या आकड्याचा.

आणि हे टाळता येण्यासारखं होतं, ही त्याहून चिडचिड करणारी गोष्ट. बेल लॅब्जमध्ये १९४७ च्या सुमारास रिचर्ड हॅमिंग नावाच्या गणितज्ञाला कॉम्प्युटर फक्त वीकेंडला मिळायचा. (आपलाच माणूस!) मशीनला स्वतःची चूक कळत असे, पण सुट्टीत दुरुस्तीला कुणी नसे, त्यामुळे चूक दिसली की ती काम टाकून पुढच्या कामाला लागे. सलग दोन सोमवारी हॅमिंग यांना उत्तराऐवजी काही नाही मिळालं. वैतागून त्यांनी विचार केला की मशीनला चूक झाली एवढं कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? १९५० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चार बिटांबरोबर तीन जास्तीची बिटं ठेवायची, की एक बिट उलटलं तर कुठलं ते कळतं आणि मशीन आपणच दुरुस्त करते. आजच्या सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत ६४ बिटांबरोबर ८ जास्तीची असतात, ती याच कुळातली.

यापेक्षा साधी पद्धत म्हणजे पॅरिटी. आठ बिटांमागे एक नववं बिट, आणि त्यात फक्त 'एकांची संख्या सम की विषम' एवढीच नोंद. दुरुस्त करता येत नाही, पण चूक कळते. आमच्या काकांना हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागली नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे रोजमेळ की!" बरोबर. दिवसाच्या शेवटी जमा आणि नावे जुळत नसेल तर कुठे चुकलं ते नंतर शोधू, पण चुकलंय हे रात्री झोपायच्या आत कळलं पाहिजे.

१९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत ते नववं बिट होतं. प्रत्येक आठ चिपांमागे नववी चिप. मेमरी चुकली की मशीन 'पॅरिटी चेक' असं लिहून जागच्या जागी थांबायची. उद्धटपणा म्हणा, पण प्रामाणिक. मग १९९० च्या दशकात किमतीची स्पर्धा पेटली. नऊ चिपांच्या जागी आठ लावल्या तर मेमरीच्या खर्चाचा नववा हिस्सा वाचतो. चिपा आता पुरेशा भरवशाच्या झाल्यात, असंही म्हटलं गेलं. घरगुती पीसीतून नववं बिट गेलं, बँका आणि सर्व्हरवाल्यांकडे राहिलं. १९९३ मध्ये विंडोज एनटी आली, तिच्याबरोबर निळा स्क्रीन आला आणि त्यानंतर मेमरीच्या चुकांचा दोषही बिनबोभाट सॉफ्टवेअरच्या खात्यावर पडू लागला. साक्षीदारच काढून टाकला, तर आरोपी कोण हे कसं ठरणार?

चिपा खरंच तितक्या भरवशाच्या होत्या का? आमच्या प्रसंगानंतर वर्षभराने, २००९ मध्ये, बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोघांनी गूगलच्या सर्व्हरांवरच्या नोंदी तपासून पेपर लिहिला. वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक तरी चूक दिसली होती. आणि जास्त चुका आकाशातून आलेल्या नव्हत्या, पट्टीतल्याच पक्क्या दोषाच्या होत्या. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी दहा लाख घरगुती पीसींचे क्रॅश-अहवाल चाळले. त्यांना दिसलं की हार्डवेअरच्या दोषाने एकदा कोसळलेली मशीन पुन्हा त्याच दोषाने कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे 'एकदाच झालं, सोडून दे' हे चूक. एकदा झालं म्हणजे तपासच.

त्या पोराने हे पेपर वाचले नव्हते. लिहिलेच गेले नव्हते अजून! त्याने फक्त मशीन कधी मरते ते बघितलं होतं. मी पुण्यात बसून ती का मरत असेल ते ठरवलं होतं.

*

रविवारी सकाळी काकांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. शेवभाजी, भाकरी, आमरस. काकांनी माफी वगैरे शब्द उच्चारले नाहीत, त्या पिढीला ते जमत नाही. त्यांनी खतावणी त्याच्यासमोर उघडली, त्याच्या चुलत्याच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कॉम्प्युटरमध्ये तूच नीट कर." त्याने ७,३५० टाइप केलं. मी मात्र तोंडाने सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा, पुण्याच्या लोकांना एवढं गरम होत नाही." यात टोमणा किती आणि समजूत किती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुकानदाराने पट्टी बदलून दिली. जुनी परत न घेता मला दिली, 'ठेवा आठवण' म्हणून.

त्या दोन दिवसांत जे शिकलो ते तेव्हा एका कागदावर लिहून ठेवलं होतं. अजून उपयोगी आहे, म्हणून थोडक्यात देतो. शेवटचा बदल आधी मागे घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला. चूक दर वेळी त्याच ठिकाणी येते की वेगवेगळ्या, हे लिहून ठेवा. वेगवेगळ्या ठिकाणी येत असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी रॅम, वीजपुरवठा आणि तापमान बघा. चाचणी मशीन बिघडते त्या वेळी करा, तुम्हाला सोयीची असते त्या वेळी नाही. आणि मशीन संशयास्पद असताना तिच्याच हातून बॅकअप घेऊन मूळ प्रत पुसू नका. डिस्क काढून दुसऱ्या धडधाकट मशीनवर कॉपी करा.

नवव्या बिटाचं पुढे काय झालं? ते मागच्या दाराने परत आलंय. २०२० मध्ये डीडीआर-५ चे नियम प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक चिप आपल्या पोटातल्या एका बिटाची चूक आपणच दुरुस्त करते. घागरी इतक्या लहान झाल्या की त्याशिवाय गत्यंतरच उरलं नाही. पण ती दुरुस्ती साध्या पीसीत आतल्या आत होते, बाहेर कुणाला सांगितलं जात नाही, आणि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काही बिघडलं तर तिचा उपयोग नाही. १९८१ ची मशीन ओरडून थांबायची, आजची निमूटपणे सावरून घेते. सोय झाली खरी. पण 'कुठे गळतंय' हे मालकाला कळण्याचा हक्क काही पूर्ण परत आला नाही.

तो पोरगा आता पोरगा राहिलेला नाही. जळगावात त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे, दोन माणसं हाताखाली. मागच्या वेळी गेलो तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणत होतं, "सकाळपासून चालू आहे, काही प्रॉब्लेमच येत नाही, घेऊन जाऊ का?" तो म्हणाला, "नाही. चार वाजता या. दुपार होऊ द्या."

काकांची खतावणी अजून चालू आहे. कॉम्प्युटर तीनदा बदलला. रोज रात्री ते दोन्ही आकडे ताडतात. पूर्वी मी त्यावर हसायचो.

असो. पट्टी परत पाकिटात घालून माळ्यावर ठेवली आहे. बायको म्हणते, टाकून दे. बघू.